न ढळणारी आकृती

लाकडाच्या चार पट्ट्या घेऊन त्यांची टोके एकेका खिळ्याने जोडली आणि त्यांचा चौकोन उभा केला, तर तो दिसण्यात कितीही नेटका असला तरी एका कोपऱ्यावर बोटाचा दाब पडताच कलतो, तिरपा होतो आणि अखेरीस चपटा होऊन भुईला टेकतो. याच्या उलट तीनच पट्ट्या घेऊन त्या तशाच एकेका खिळ्याने जोडल्या, तर ती आकृती, पट्टी मोडेपर्यंत अथवा खिळा निखळेपर्यंत, आपला आकार सोडीत नाही. चौकोनाच्या चारही बाजूंची लांबी कायम राहूनही त्याचे कोन बदलू शकतात. त्रिकोणाच्या तीन बाजू एकदा ठरल्या की त्याचे तिन्ही कोन ठरून जातात आणि त्यांत तिळमात्र फेरफार करण्याची मुभा उरत नाही. सरळ रेषांनी बंदिस्त होणाऱ्या यच्चयावत आकृत्यांमध्ये हा गुण एकट्या त्रिकोणाच्या ठायी आहे. शाळेच्या भूमितीत तो एका प्रमेयाच्या रूपाने येतो, परीक्षेपुरता पाठ होतो आणि पुढे विस्मृतीत जातो; परंतु घराच्या छपरापासून हिमालयाच्या शिखरापर्यंत आणि शेताच्या बांधापासून देशाच्या नकाशापर्यंत मनुष्याने जे काही पक्के बांधले आणि जे काही बिनचूक मोजले, त्यातील फार मोठा भाग या एकाच गुणावर उभा आहे असे माझे मत आहे, आणि ते सकारण मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बांधकामाचा विचार प्रथम करू, कारण तेथे हा गुण डोळ्यांना प्रत्यक्ष दिसतो. कौलारू घराचे पाखे दोन्ही अंगांनी उतरते असतात. आढ्यापाशी एकमेकांना टेकलेले दोन वासे कौलांचा भार खाली आणतात, पण तो आणता आणता आपली पायथ्याकडील टोके बाहेरच्या बाजूस रेटतात, आणि भिंत कच्ची असेल तर काही पावसाळ्यांतच ती बाहेर झुकू लागते. म्हणून सुतार त्या दोन टोकांना जोडणारी एक आडवी तुळई घालतो. ती घालताच दोन वासे आणि एक तुळई मिळून त्रिकोण पुरा होतो, बाहेरचा रेटा तुळईतील ताणाने जागच्या जागी रोखला जातो आणि भिंतीच्या माथ्यावर केवळ सरळ खाली येणारे वजन उरते. या जोडणीला आपल्याकडे कैची म्हणतात. लहान घराला एक त्रिकोण पुरतो. गोदाम, गिरणी अथवा आगगाडीचे स्थानक अशा रुंद जागेवर छप्पर घालावयाचे असेल, तर मोठ्या त्रिकोणाच्या पोटात लहान लहान त्रिकोण बसवून एवढा मोठा गाळा मध्ये एकही खांब न घेता पार करता येतो. नदीवरील लोखंडी पुलांच्या बाजूंना जे तिरपे दांडे दिसतात ते शोभेसाठी नसून प्रत्येक चौकटीला कर्ण देऊन तिचे दोन त्रिकोण करण्यासाठी असतात. १८८९ साली पॅरिसमध्ये उभा राहिलेला आयफेल मनोरा काय, १९४३ साली कलकत्त्यात हुगळीवर खुला झालेला हावड्याचा पूल काय, किंवा आपल्या माळरानांतून विजेच्या तारा वाहून नेणारे लोखंडी मनोरे काय, हे सर्व मूलतः पोकळ आहेत. त्यांच्यात वस्तू थोडी आणि आकाश अधिक आहे, तरीही ते वाऱ्यावादळाला दाद देत नाहीत, कारण त्यांतील कोणतीही चौकट कर्णावाचून मोकळी ठेवलेली नाही.

याच्याच जोडीला एक लहानशी गोष्ट सांगण्याजोगी आहे. अवकाशातील कोणतेही तीन बिंदू, ते एका सरळ रेषेत नसले तर, एका आणि एकाच सपाट पातळीत असतात; चौथा बिंदू त्या पातळीत असेलच अशी हमी नाही. म्हणून चार पायांचे टेबल खडबडीत जमिनीवर डुगडुगते आणि तिवई मात्र कोठेही ठेवली तरी स्थिर राहते. रानात चूल मांडणारा माणूस तीनच दगड मांडतो, चार मांडीत नाही. आणि पुढे ज्या यंत्राविषयी सविस्तर लिहावयाचे आहे ते मोजणीचे दुर्बीणयंत्रही तीन पायांवरच उभे करतात.

परंतु बांधकाम हा या गुणाचा अर्धाच उपयोग झाला. जी आकृती ढळत नाही, तिचा काही भाग कळला की उरलेला भाग न पाहता कळतो. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन टोकांवरील दोन कोन मोजले, तर तिसरा कोपरा कोठे असला पाहिजे हे ठरून जाते, मग तो कोपरा नदीच्या पलीकडच्या काठावर असो, शत्रूच्या तटावर असो अथवा बर्फाच्छादित शिखरावर असो. नदीची रुंदी काढावयाची असेल तर नदी ओलांडण्याची गरज नाही. अलीकडच्या काठावर दोन खुंट्या रोवून त्यांमधील अंतर मोजावे, आणि प्रत्येक खुंटीपाशी उभे राहून पलीकडचे एखादे झाड त्या रेषेशी किती कोन करते ते पाहावे, की काम झाले. जेथे हात पोचत नाही आणि पाऊल पडत नाही तेथील अंतर घरबसल्या सांगण्याचे हे सामर्थ्य मानवी बुद्धीच्या श्रेष्ठ संपादनांपैकी एक आहे, यात मला शंका नाही.

आपल्या देशात या विद्येचा प्रारंभ यज्ञवेदीपाशी झाला. वेदीचा आकार व क्षेत्रफळ शास्त्राने नेमून दिलेले असे, आणि दोरी व खुंट्या एवढ्या साधनांनी ती आखावयाची असे. या आखणीचे जे नियम बौधायन, आपस्तंब इत्यादींच्या शुल्बसूत्रांत ग्रथित झाले, त्यांत समद्विभुज त्रिकोणाच्या आकाराच्या प्रउग नावाच्या चितीचा समावेश आहे, आणि आयताच्या कर्णावरील चौरस हा त्याच्या दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेएवढा असतो हा सिद्धान्तही आहे. तीन व चार, बारा व पाच, पंधरा व आठ अशा ज्या बाजूंचा कर्ण पूर्णांकांत येतो, त्यांच्या जोड्याही बौधायनाने दिल्या आहेत. पुढे आर्यभटाने ४९९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आर्यभटीयात पावणेचार अंशांच्या अंतराने चोवीस अर्धज्यांची मूल्ये दिली आणि त्यामुळे कोनावरून बाजू व बाजूवरून कोन काढण्याचे साधन ज्योतिर्विदांच्या हाती आले. ग्रहणाची वेळ वर्तविणे आणि ग्रहांची स्थाने निश्चित करणे हे त्या काळी या गणिताचे मुख्य प्रयोजन होते. आकाशातील अंतरे प्रथम मोजली गेली आणि जमिनीवरील अंतरे त्या काटेकोरपणाने मोजण्याची पाळी फार उशिरा आली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

भास्कराचार्यांचा येथे उल्लेख केला नाही तर महाराष्ट्रीय वाचक मला क्षमा करणार नाही, आणि करूही नये. ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत त्यांनी काटकोन त्रिकोण शिकवला तो खांब, वेळू, सरोवर, मोर आणि सर्प यांच्या साहाय्याने. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला, असे त्यांचे एक उदाहरण आहे. उत्तर बारा हात. नऊ हात उंच खांबाच्या माथ्यावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी सर्पाचे बीळ आहे, सत्तावीस हातांवरून सर्प बिळाकडे येत असता मोर तिरपी झेप घेतो आणि दोघांनी सारखेच अंतर कापले असता त्यांची गाठ पडते, तर ती बिळापासून किती अंतरावर, असे दुसरे. त्याचेही उत्तर बारा हातच. पहिल्या उदाहरणातील बाजू बारा, सोळा व वीस, आणि दुसऱ्यातील नऊ, बारा व पंधरा. दोन्ही त्रिकोण तीन-चार-पाच या एकाच प्रमाणाचे आहेत. आजही आपल्याकडचा गवंडी पाया आखताना कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट आणि दुसरीवर ४ फूट खूण करतो आणि त्या दोन खुणांमधील तिरपे अंतर बरोबर ५ फूट भरले की कोपरा गुण्यात आला असे मानतो. त्याने बौधायनाचे नाव ऐकलेले नसेल, लीलावतीही पाहिलेली नसेल. पण विद्या ग्रंथांतून जशी वाहते तशी हातांतूनही वाहते, आणि हातांतून वाहणाऱ्या विद्येची नोंद आपण फारशी ठेवीत नाही हे आपले न्यून आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे, आणि तो एकोणिसाव्या शतकात डॉक्टर भाऊ दाजी यांनी उजेडात आणला.

आता ज्या कार्यात त्रिकोणाचे सामर्थ्य भव्य प्रमाणावर प्रगट झाले, त्याकडे वळतो. टिपूचा पाडाव होऊन म्हैसूरचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली आला तेव्हा त्या मुलखाची हद्द कोठे सुरू होते व कोठे संपते हे सांगणारा भरवशाचा नकाशा कंपनीच्या दप्तरात नव्हता. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या एका पायदळी अधिकाऱ्याने सरकारास अर्ज केला, की नुसते रस्ते चालून व अंदाज बांधून नकाशे करण्याऐवजी सर्व द्वीपकल्पावर त्रिकोणांचे एक जाळे पसरावे, आणि त्याबरोबरच पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे या शास्त्रीय प्रश्नाचाही निकाल लावावा. अर्ज मंजूर झाला, आणि १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस टेकडीच्या परिसरात पहिली आधाररेषा मोजण्यास प्रारंभ झाला. ही रेषा सुमारे साडेसात मैल लांबीची होती. १०० फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत आडवी निजवून, पेट्या तिवयांवर समपातळीत ठेवून, आणि उन्हाने पोलाद वाढते म्हणून प्रत्येक वेळी उष्णतामापकाची नोंद करून ते साडेसात मैल मोजण्यास ५७ दिवस लागले. एवढी काळजी घेण्याचे कारण उघड होते. जाळ्याच्या आरंभी साखळीने मोजलेली बाजू ती एकच. पुढच्या त्रिकोणांचे केवळ कोन मोजावयाचे आणि बाजू गणिताने काढावयाच्या. एका त्रिकोणाची काढलेली बाजू हाच पुढच्या त्रिकोणाचा आधार, त्याची बाजू हाच त्याच्या पुढच्याचा. आरंभी एका इंचाची चूक झाली तर ती सर्व देशभर पसरणार.

कोन मोजण्याचे यंत्र लंडनच्या विल्यम कॅरी याने घडविले होते. त्याच्या आडव्या वर्तुळाचा व्यास ३६ इंच आणि वजन सुमारे अर्धा टन. हिंदुस्थानाकडे येत असता फ्रेंचांनी ते जहाजासह पकडून मॉरिशसला नेले, परंतु यंत्राचे प्रयोजन कळल्यावर तेथील फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले. दोन राष्ट्रे परस्परांशी लढत असतानाही शास्त्राची बूज राखली गेल्याचा हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. १८०८ साली तंजावरच्या सपाट मुलखात जवळपास डोंगर नसल्याने ते यंत्र बृहदीश्वराच्या मंदिरावर चढविले जात असता दोर तुटला, पेटी भिंतीवर आदळली आणि वर्तुळ वाकले. दुसरे यंत्र मागवावयाचे तर विलायतेहून येण्यास वर्षे लागणार; लॅम्ब्टनने तंबू बंद करून घेतला आणि सुमारे सहा आठवडे खपून ते वर्तुळ आपल्या हातांनी पूर्ववत केले, आणि पुढील अनेक वर्षे त्याच यंत्राने काम चालविले.

या मोजणीचे पहिले फळ असे निघाले, की मद्रासपासून मंगळूरपर्यंत द्वीपकल्पाची रुंदी तत्कालीन नकाशांत सुमारे ४०० मैल दाखविली होती ती प्रत्यक्षात सुमारे ३६० मैल भरली. ४० मैल रुंदीचा मुलूख कागदावर होता, पण जमिनीवर नव्हता. त्यानंतर ७८ रेखांशाच्या आसपास दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोणांची मोठी साखळी चालू झाली. ती कन्याकुमारीपासून निघून बिदर, सिरोंज अशा ठिकाणी नव्याने मोजलेल्या आधाररेषांवर आपली परीक्षा देत देत हिमालयाच्या पायथ्याशी डेहराडूनपर्यंत पोचली. ही परीक्षा कशी होते ते सांगितले पाहिजे. शेकडो मैलांमागच्या आधाररेषेवरून त्रिकोणामागून त्रिकोण सोडवीत येऊन नव्या रेषेची लांबी गणिताने अगोदर काढावयाची, आणि मग तीच रेषा साखळीने अथवा दांडीने प्रत्यक्ष मोजून पाहावयाची. कित्येक मैल लांबीच्या रेषेत या दोन उत्तरांतील फरक इंचांत मोजण्याइतका निघे. मनुष्याच्या हातून झालेल्या कामाची याहून कठोर तपासणी मला ठाऊक नाही.

कामाचा हा व्याप लॅम्ब्टनच्या हयातीत पुरा झाला नाही. हैदराबादेहून नागपूरच्या वाटेवर असता जानेवारी १८२३ मध्ये, वयाची साधारण सत्तर वर्षे झालेली असताना, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला आणि तेथेच त्याला पुरले. त्याच्या मागून जॉर्ज एव्हरेस्टने सूत्रे हाती घेतली. विंध्यापलीकडे गंगा-यमुनेच्या सपाट प्रदेशात टेकड्याच नसल्याने त्याने सुमारे ५० फूट उंचीचे पक्के मनोरे बांधविले. दिवसा धुळीमुळे दूरची खूण दिसत नसे, म्हणून उन्हात आरशांचे कवडसे आणि रात्री दिवे दाखवून कोन घेण्याची रीत त्याने रूढ केली. १८४१ साली, म्हणजे प्रारंभापासून ३९ वर्षांनी, सुमारे २४०० किलोमीटर लांबीची त्रिकोणांची ही साखळी, म्हणजेच महाचाप, सिद्ध झाली.

एवढ्या विस्ताराच्या कामात एक सूक्ष्म अडचण होती, आणि तीच त्याचे शास्त्रीय वैभवही होती. कागदावरील त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश होते हे आपण शिकतो. पण पृथ्वीच्या पाठीवर आखलेला मोठा त्रिकोण कागदावरचा नसतो. पृष्ठभाग गोल असल्यामुळे त्याच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते, आणि हे आधिक्य सुमारे २०० चौरस किलोमीटर क्षेत्रफळामागे एक विकला, म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग, इतके असते. डोंगरमाथ्यावर वाऱ्यात उभे राहून एवढा बारीक फरक टिपावयाचा आणि त्याचा हिशेब लावावयाचा, यावरून त्या यंत्रांची व माणसांची योग्यता ध्यानात येईल. तो हिशेब करणाऱ्यांत राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. बिहारच्या सपाट प्रदेशातील सहा ठाण्यांवरून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, पंधराव्या क्रमांकाच्या एका शिखराचे कोन घेतले गेले होते. हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरण वाकतो त्याची दुरुस्ती करून गणित मांडता त्या शिखराची उंची २९,००२ फूट ठरली, आणि ते पृथ्वीवरील सर्वोच्च शिखर असल्याचे १८५६ साली जाहीर झाले. आज उपग्रहांच्या साहाय्याने तीच उंची ८८४८.८६ मीटर मानली जाते. ज्या शिखराच्या जवळपास मोजणारांपैकी कोणी गेलेले नव्हते त्याच्या उंचीत अवघ्या नऊ मीटरांच्या आसपास फरक पडावा, हे त्रिकोणाचे सामर्थ्य. शिखराला नाव मात्र एव्हरेस्टचे मिळाले.

हे सर्व परक्या सत्तेच्या महसुलासाठी व लष्करासाठी चालले होते, आणि दृष्टीच्या रेषेआड येणारी झाडे, प्रसंगी झोपड्याही, सरकारी हुकमाने तोडल्या जात होत्या, हे विसरून चालणार नाही. जंगलातील तापाने, हिंस्र श्वापदांनी आणि उपासमारीने या कामात मेलेल्या खलाशांची, निशाण धरणारांची व हमालांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. ज्ञानाचे श्रेय देताना त्यांना वगळले तर तो हिशेब अपुरा राहील.

हिमालयावरून उतरून आपल्या शेतावर यावे. दख्खनमध्ये १८३० नंतरच्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जी जमाबंदीची पद्धत बसविली, तिच्या आधारासाठी गावोगाव शेते मोजली गेली. आपल्याकडच्या शेताचा बांध क्वचितच सरळ असतो. तो ओढ्याने वळतो, नाल्याने तुटतो, आंब्याच्या झाडाला वळसा घालून जातो. अशा वाकड्या आकृतीचे क्षेत्र काढण्याची युक्ती अशी, की शेताच्या आत एक आधाररेषा धरावयाची, बांधाच्या प्रत्येक वळणापासून शंकूच्या साहाय्याने तिच्यावर लंब टाकावयाचा आणि साखळीने लांबी घ्यावयाची, म्हणजे सर्व शेत काटकोन त्रिकोणांत व समलंब चौकोनांत वाटले जाते. पाया गुणिले उंची भागिले दोन, एवढ्या गणिताने एकेका तुकड्याचे क्षेत्र निघते आणि बेरजेने शेताचे. मोजणीची ही आकृती टिपणात आणि तिचा हिशेब गुणाकार बुकात असतो. साखळी ३३ फुटांची, आणि तिच्या लांबीएवढ्या बाजूचा चौरस म्हणजे १०८९ चौरस फूट हा एक गुंठा. सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात जो आकडा खातेदार पाहतो, त्याच्या मागे अशी त्रिकोणांची रास असते. भाऊबंदांच्या वाटणीत आणि बांधाच्या तंट्यात अखेर निकाल करणारा पुरावा तोच असतो, म्हणून ज्याच्या नावावर एक गुंठाही जमीन आहे त्याने आपल्या शेताचे टिपण एकदा तरी नीट समजावून घ्यावे असे मला कळकळीने वाटते.

आकृतीच्या या कर्तृत्वामुळे तिचे नाव इतर अनेक गोष्टींना मिळाले, त्यांचाही ओझरता परामर्श घेऊ. समुद्राला मिळताना नदी गाळ टाकते, तिला फाटे फुटतात आणि पंख्यासारखी जी सुपीक भूमी तयार होते तिला भूगोलात त्रिभुज प्रदेश म्हणतात. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी आपला त्रिभुज प्रदेश आंध्रात राजमहेंद्रीच्या खाली रचते, तर सह्याद्रीतून तीव्र उताराने पश्चिमेस धावणाऱ्या आपल्या कोकणातील नद्या खाड्या करतात, त्रिभुज प्रदेश करीत नाहीत. ज्योतिषात लग्न, पंचम व नवम या स्थानांना त्रिकोणस्थाने म्हणतात आणि दोन ग्रह परस्परांपासून १२० अंशांवर असले की त्यास नवपंचम योग म्हणतात. फलाविषयी मी काही म्हणत नाही, पण वर्तुळात समभुज त्रिकोण बसविण्याची ती भूमिती निर्दोष आहे. श्रीयंत्रात चार ऊर्ध्वमुख आणि पाच अधोमुख त्रिकोण एकमेकांत गुंफून त्रेचाळीस लहान त्रिकोण निर्माण होतात, आणि ते अचूक रेखाटणे ही भल्या आरेखकाचीही कसोटी आहे. १९६० नंतरच्या दशकात कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण भिंतींवर, दवाखान्यांवर आणि मोटारगाड्यांवर झळकला. निरक्षरालाही एका दृष्टिक्षेपात ओळखता यावी अशी खूण त्या मोहिमेला हवी होती, आणि तीन रेघांची आकृती त्या कामी आली. रस्त्यावर धोक्याची सूचना देणाऱ्या पाट्याही याच कारणाने त्रिकोणी असतात.

खेळाच्या मैदानावरही त्रिकोण होता; मुंबईत क्रिकेटचे प्रसिद्ध तिरंगी सामने होत ते युरोपियन, पारशी आणि हिंदू यांच्यात. १९०७ साली हिंदूंचा संघ आला तेव्हा दोहोंचे तिघे झाले आणि १९१२ साली मुसलमानांचा संघ येताच ते चौरंगी झाले. मुंबई, पुणे व नाशिक यांच्या औद्योगिक पट्ट्यालाही सुवर्णत्रिकोण म्हणण्याची रूढी आहे.

या सर्वांत ज्याचा अतोनात वापर झाला तो प्रेमाचा त्रिकोण. कथा, कादंबऱ्या, नाटके आणि बोलपट यांनी तो इतका घोटला, की त्याची वाटही वाचकाला अगोदरच ठाऊक असते. माझ्या मते यांतील बहुतेक कथा त्रिकोण या नावाला पात्र नाहीत. एका व्यक्तीवर दोघांचे प्रेम, एवढ्यावर दोनच रेषा होतात. त्या दोघांमध्ये परस्परांचे काही नाते असेल तरच तिसरी रेषा पडते आणि आकृती पुरी होते. १९६४ च्या राज कपूरच्या 'संगम' या चित्रपटाची पकड टिकली ती त्यातील दोन पुरुष बालपणापासूनचे मित्र होते म्हणून; ती मैत्री काढून टाकली तर कथा तेथल्या तेथे ढासळते. तिसरी बाजू लिहिण्याचे कष्ट लेखकाने घेतले नाहीत, तर वाचक पुस्तक मिटवितो आणि त्यात त्याचा दोष नसतो.

मोजणीच्या क्षेत्रात आता डोंगरमाथ्यावर अवजड यंत्र चढविण्याचे दिवस गेले. हातातील फोन आपले ठिकाण सांगतो ते आकाशातील उपग्रहांपासून आलेल्या संदेशांना लागलेल्या वेळावरून अंतरे काढून. तीन उपग्रहांच्या अंतरांनी स्थान ठरते आणि फोनमधील घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा लागतो. कोनांच्या जागी अंतरे आली, टेकड्यांच्या जागी उपग्रह आले, परंतु ठरलेल्या बाजूंचा त्रिकोण ढळत नाही हा जुना सिद्धान्त जसाच्या तसा राहिला.

जुन्या मोजणीची ठाणी मात्र आपल्या डोंगरांवर अजून आहेत. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर एखाद्या शिखराच्या उंचीशेजारी लहानसा त्रिकोण छापलेला असेल तर ते त्रिकोणमितीय ठाणे समजावे. तेथे खडकावर वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी बिंदू कोरलेली खूण, कधी दगडी चौथऱ्याखाली झाकलेली, आढळते. सह्याद्रीत फिरणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे, की असा दगड दिसला तर तो हलवू नये, चूल मांडण्यासाठी चौथऱ्याचे चिरे काढू नयेत आणि त्यावर आपली नावे कोरू नयेत, कारण एकदा हललेली खूण मूळ जागी कोणालाही परत बसविता येत नाही. आणि वर्ध्याकडे जाणे झाले तर हिंगणघाटला उतरून लॅम्ब्टनच्या थडग्याची चौकशी अवश्य करावी.